आधी आयोडीन, मग खूण

माझा डावा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला होता, उजवा हवेत होता आणि छातीशी घट्ट धरलेली फाईल कोणत्याही क्षणी सुटणार होती. नेमकं तेव्हाच माझ्या तोंडून निघालं, "आई गं!"

"मराठी?" मागून आवाज आला.

मान वळवायची सोय नव्हती. वळवली असती तर मी सगळीच वळले असते, थेट चिखलात.

"हो, मराठी! आणि ओळखपाळख नंतर केली तरी चालेल!"

"ओके, ओके. आधी तुझा फाईल दे."

"तुझी फाईल."

"माझी नाही, तुझा." एक हात पुढे आला आणि त्याने फाईल काढून घेतली. "आता हात दे. बूट सोड, तो नाही येत. फक्त पाय काढ."

मी पाय काढला. बूट तिथेच राहिला. एका पायात मोजा, एका पायात बूट अशा अवतारात मी त्या मुलासमोर उभी राहिले आणि त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. हिरवा ओव्हरऑल, पावसाने कपाळावर चिकटलेले केस, गालावर वाळलेल्या चिखलाचा पट्टा. कथांमधल्या नायकांना म्हणे अत्तराचा वास येतो. याला मेंढीचा येत होता.

"मी वेद," तो म्हणाला. "वेलकम टू द फार्म. लँबिंगला आलीस ना?"

लँबिंग म्हणजे मेंढ्यांची बाळंतपणं. एप्रिलमध्ये यॉर्कशायरच्या डोंगरात, लीड्सपासून दीड तासावर, हेदर मेटकाफ या बाईच्या शेतावर तीनशे मेंढ्या विणार होत्या आणि मी तीन आठवडे फुकट राबायला आले होते. माझा स्वार्थ होता. मला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, व्हायचं होतं.

खरं तर मी दोन वर्षांपूर्वीच व्हेट स्कूलमध्ये असायला हवी होते. अठराव्या वर्षी चार कॉलेजांत अर्ज केला आणि चारही ठिकाणांहून नकार आला. मार्क उत्तम होते. सांगलीहून मिल्टन कीन्सला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून मार्क कमी पडू दिले नाहीत. पण इंटरव्ह्यूत एकीने विचारलं होतं, "तुम्ही चुकलात असा एखादा प्रसंग सांगा." मी ताठ बसून सांगितलं होतं, "मी सहसा चुकत नाही." आणि मग बाबांनी तयार केलेली फाईल पुढे सरकवली होती. प्लॅस्टिकच्या बहात्तर पारदर्शक कप्प्यांत माझी सगळी सर्टिफिकेटं, गणित स्पर्धेपासून भरतनाट्यमपर्यंत. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

म्हणून मी लीड्सला झूऑलॉजी घेतलं. दुसऱ्या वर्षाला होते. पदवीच्या शेवटच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, तो ऑक्टोबरमध्ये करायचा होता. यावेळीही नाही झालं तर बाबा म्हणणार होते, "बेटा, आता एखादा डेटाचा कोर्स बघू या." ते ओरडणार नव्हते. समजूतदारपणे म्हणणार होते, आणि तेच मला सहन होणार नव्हतं.

"तू पण अर्जासाठी आलायस?" मी वेदला विचारलं.

"नाही. मी व्हेट स्कूलला आहे. सेकंड इयर."

"किती वर्षांचा आहेस?"

"वीस. का?"

मीही वीस वर्षांची होते. एवढं कारण मला पुरेसं होतं. मी ठरवून टाकलं की हा मुलगा मला अजिबात आवडणार नाही.

हेदर साठीची, उंच, कमी बोलणारी. तिने माझ्या हातातल्या फाईलकडे पाहिलं.

"हे काय, लव्ह?" तिथे सगळ्यांना सगळे लव्हच म्हणतात.

"माझी सर्टिफिकेटं."

"माझ्या मेंढ्यांना वाचता येत नाही," ती म्हणाली आणि मला एक जुना बूट आणून दिला.

शेडमध्ये लाकडी फळ्यांचे चाळीस कप्पे होते. मेंढी व्याली की ती आणि तिची कोकरं एका कप्प्यात ठेवायची. कोकराची ओली नाळ आयोडीनच्या पेल्यात बुडवायची, म्हणजे तिच्यातून जंतू आत शिरत नाहीत. मग कप्प्यावर टांगलेल्या पाटीवर खडूने बरोबरची खूण करायची. दोन दिवसांनी आई आणि पोरांच्या अंगावर निळ्या रंगाने कप्प्याचा नंबर फवारून त्यांना कुरणात सोडायचं.

"आधी आयोडीन, मग खूण," हेदरने बजावलं. "उलटं कधीच नाही. मी खुणेवर विश्वास ठेवते."

मला हसू आलं. एवढं काय सांगायचं त्यात?

वेद न आवडण्याचा माझा बेत दोन दिवसही टिकला नाही. तो मेंढ्यांशी मराठीत बोलायचा. "कम ऑन, मावशी, जोर लाव!" असं तो एका अडलेल्या मेंढीला म्हणाला तेव्हा हसता हसता माझ्या हातातली बादली सांडली.

"यांना इंग्लिश कळतं रे. यॉर्कशायरच्या आहेत."

"पण माझं मराठी ऐकून हसत नाहीत. तू हसते."

"हसतेस."

"बघ, परत!"

त्याचे आजोबा साठ वर्षांपूर्वी लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आले होते. त्याचं मराठी सगळं त्यांच्याकडून आलेलं. त्यात 'शाब्बास' आणि 'इश्श' दोन्ही होते, आणि तो कुठलंही कुठेही वापरायचा. मी हात आत घालून पहिलं कोकरू ओढून बाहेर काढलं, ते शिंकलं, उभं राहिलं, आणि वेद मनापासून म्हणाला, "इश्श!"

त्या दिवशी मी खूप वेळ हसत होते. थोडी रडतही होते. मला हेच करायचं होतं आयुष्यभर, हे पाटीवर लिहिल्यासारखं स्वच्छ दिसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अकरा नंबरच्या कप्प्यात जुळी झाली. दोन्ही माद्या. मी त्यांना गवताने पुसलं. पहिलीची नाळ बुडवली आणि पेल्यातलं आयोडीन संपलं. दुसरीसाठी भरून आणायचं होतं. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाकडून हाक आली.

"कस्तुरी! चहा! आणि आजोबांचा चकली!"

"आजोबांची चकली. आले!"

हातात खडू होता. आत्ता चहा, मग आयोडीन — पाच मिनिटांचा तर प्रश्न. मी पाटीवर खूण केली आणि गेले. घरी आम्ही असंच करायचो. फॉर्म आधी भरून टाकायचा, काम काय, होतंच.

आम्ही गवताच्या गठ्ठ्यावर बसलो. बाहेर बारीक पाऊस पत्र्यावर टपटपत होता. वेद चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "तू मला पहिल्या दिवशी हेट का केलंस?"

"नाही केलं."

"केलं. आयब्रो असा वर गेला होता."

"…थोडंसं केलं. तुला पहिल्या झटक्यात मिळालं ना सगळं."

त्याने माझ्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली. हळूच, एकच काडी. पण हात लगेच मागे गेला नाही… आणि माझ्या डोक्यातून आयोडीन, पेला, अकरा नंबर, सगळं साफ निघून गेलं.

दहा दिवसांनी कुरणात एक कोकरू लंगडताना दिसलं. पुढचा गुडघा सुजून लिंबाएवढा झाला होता. अंगावर निळा आकडा होता, अकरा. तिची जुळी बहीण शेजारीच उड्या मारत होती.

हिचीच नाळ मी बुडवली नव्हती.

हेदरने तिला उचलून शेडमध्ये आणलं. "नाळेतून सांध्यात गेलंय," ती म्हणाली. "पाटीवर तर खूण होती. असतं कधीकधी असं. नशीब." आणि ती औषध मागवायला घरात गेली.

मी वेदला सगळं सांगितलं. त्याने ओठ चावला.

"ऐक," तो म्हणाला. "हेदर तुझा रेफरन्स लिहिणार आहे. तिचा फॉर्म अर्जाबरोबर जातो. तू हे सांगितलंस तर… मी सांगतो. मी म्हणतो, खूण मी केली. चहाला मीच बोलावलं ना? मी ऑलरेडी आत आहे, कस्तुरी. माझं काय जाईल? तुझं सगळं जाईल."

आजवर माझ्यासाठी कुणी एवढं मोठं खोटं बोलायला तयार झालं नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की मी याच्या प्रेमात पडलेय. आणि हेही कळलं की हे खोटं त्याला बोलू द्यायचं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुला हवी असेल तर तू तुझी वेगळी शोध."

हेदर स्वयंपाकघरात हात धूत होती. मी दारातच उभं राहून सांगितलं. पहिलीला आयोडीन लावलं, दुसरीला नाही, खूण आधी केली, चहाला गेले, विसरले. सगळं एका दमात.

तिने नळ बंद केला. "तुझ्या लक्षात कधी आलं?"

"मघाशी. ती लंगडताना दिसली तेव्हा."

"हं." तिने टॉवेलला हात पुसले, एकेक बोट. "विसरायला सगळेच विसरतात. मीही विसरले आहे. पण ती खूण नसती ना, तर संध्याकाळच्या फेरीत मी स्वतः बुडवली असती नाळ. खूण होती म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नाही."

त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रडून झालं की शेडमध्ये ये," ती म्हणाली. "इंजेक्शन मी देईन. तिला धरायचं, दूध पाजायचं, पाय शेकायचा, ते तुझं काम. रोज चार वेळा. आणि पाटीवर प्रत्येक वेळची खूण."

तो शेवटचा आठवडा मी त्या कोकराजवळच काढला. वेद गरम पाण्याची बादली आणून ठेवायचा आणि काही न बोलता शेजारी बसायचा. त्याला गप्पही बसता येतं हे मला तेव्हा समजलं. चौथ्या दिवशी सूज उतरली. सहाव्या दिवशी ती चारही पायांवर उभी राहिली, दोन पावलं चालली आणि माझा बूट चाटला. निघायच्या सकाळी ती आईमागे धावली. थोडीशी लंगडत, पण धावली. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच सकाळी बाबांचा फोन आला. "बेटा, बाईंकडून सर्टिफिकेट घेतलंस का? लेटरहेडवर घे. आणि शिक्का मारायला सांग."

मी हेदरला भीत भीत विचारलं.

"माझ्याकडे मेंढ्यांवर मारायचा शिक्का आहे," ती म्हणाली. "चालेल वडिलांना?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "फॉर्म मी थेट कॉलेजांना पाठवेन. काय लिहीन ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. विचारायचं तोंडच नव्हतं.

वेद मला बसस्टॉपवर सोडायला आला. बस वळणावर दिसत होती.

"कस्तुरी… आता आपण… म्हणजे, वी आर… ना?"

"काय आर?"

"यू नो."

"नाही नो. नीट बोल."

तो लाल झाला. बस आली. मी चढले, खिडकीशी बसले. बाहेर पावसात उभा राहून त्याने बोटाने हवेत एक मोठी बरोबरची खूण काढली.

मी खिडकीची फट उघडून ओरडले, "खूण आधी नाही करायची!"

संपूर्ण बसने माझ्याकडे वळून पाहिलं. मला अजिबात लाज वाटली नाही.

उन्हाळाभर मी राबले. शनिवारी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये, सुट्टीत एका दुधाच्या डेअरीवर. अर्जाचा मजकूर लिहिला आणि वेदला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. त्यात मी कुठे कुठे किती दिवस काम केलं याची लांबलचक यादी होती. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "बोअर झालो."

"बोअर? अरे, अकरा ठिकाणं आहेत!"

"हो, पण यात तू कुठे आहेस? ती लंगडी कोकरू कुठे आहे?"

"ते लिहू? वेडा आहेस? हेदरने लिहिलं नसेल तर मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ?"

"लिहिलं नसेल तरी तू तीच आहेस," तो म्हणाला. "मला आवडणारी." मग त्याचं नेटवर्क गेलं. म्हणजे त्याने कॅमेरा बंद केला, हे मला दिसलं होतं.

मी नऊ ठिकाणं खोडली आणि कोकराबद्दल लिहिलं.

डिसेंबरमध्ये एकाच कॉलेजने इंटरव्ह्यूला बोलावलं. वेदच्याच. त्या सकाळी तो दारातच भेटला, गळ्यात मफलर, नाक थंडीने लाल. माझ्या हातात फाईल होती. बाबांनी नवे आठ कप्पे भरून पाठवली होती.

वेदने हात पुढे केला. "आधी तुझी फाईल दे."

'तुझी' म्हणाला! मी फाईल त्याला दिली आणि मोकळ्या हातांनी आत गेले.

समोर दोघं होते. चष्मा लावलेल्या बाईंनी कागद उचलला. "मिसेस मेटकाफ यांचा रेफरन्स फार छोटा आहे. त्या लिहितात, 'हिने एक नाळ बुडवली नाही आणि बुडवल्याची खूण केली. मला कधीच कळलं नसतं. तिने स्वतः येऊन सांगितलं आणि कोकरू बरं होईपर्यंत हलली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.' याबद्दल सांगाल?"

यावेळी मी ताठ बसले नाही. सगळं सांगितलं, चकलीसकट.

"आता वेगळं काय करता?" बाईंनी विचारलं.

"आधी काम करते, मग खूण करते," मी म्हणाले. "आणि दुसऱ्याने खूण केली असली तरी एकदा स्वतः बघते."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर वेद बाकावर बसला होता. माझं भरतनाट्यमचं सर्टिफिकेट मोठ्या आदराने वाचत होता.

उत्तर फेब्रुवारीत आलं. मी सुट्टीला घरी होते, बाबा गाडी चालवत होते. मिल्टन कीन्समध्ये दर मिनिटाला एक राउंडअबाऊट, म्हणजे गोल चौक, लागतो. तशा एकावर आम्ही शिरलो आणि फोन वाजला.

"बाबा…"

"काय गं?"

"ऑफर आली. व्हेट स्कूलची. डिग्रीला टू-वन, म्हणजे साठ टक्के, मिळवायची अट आहे, बस. बाबा, मला घेतलं!"

बाबांची वळायची वाट निघून गेली. ते पुन्हा फिरले. पुन्हा निघून गेली. त्या राउंडअबाऊटला त्यांनी चार प्रदक्षिणा घातल्या आणि पूर्ण वेळ डोळे पुसत होते. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. इंग्लंडमध्ये कोणी सहसा वाजवत नाही.

शेवटी गाडी कडेला लावून त्यांनी विचारलं, "फाईल पाहिली का गं त्यांनी?"

"नाही, बाबा."

"हं." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "त्या हेदरबाईंनी जे लिहिलं… त्याची एक प्रत मिळेल का? पहिल्या कप्प्यात लावतो."

मी त्यांच्या गळ्यात पडले.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं पुन्हा शेतावर गेलो. हेदरने मला मिठी वगैरे मारली नाही. "उशीर केलास," म्हणाली आणि बूट दिले, यावेळी दोन्ही. मग कुरणाकडे बोट दाखवलं. फाटकाशी एक तरणीताठी मेंढी उभी होती. तिने मला पाहिलं आणि किंचित लंगडत पुढे आली.

"बाजारात नाही पाठवली," हेदर म्हणाली. "राहू दे म्हटलं."

दुपारी अकरा नंबरच्या कप्प्यात जुळी झाली. मी दोन्ही नाळा बुडवल्या, दोनदा पाहिल्या, खूण केली. वेदने माझ्या हातातला खडू घेतला आणि शेजारच्या रिकाम्या बारा नंबरच्या पाटीवर सावकाश एक बरोबरची खूण काढली.

"ही कशाची?"

"आपली."

मी बाहीने ती पुसून टाकली. "आधी?"

त्याने खोल श्वास घेतला. पाऊस पत्र्यावर टपटपत होता. गालावर पुन्हा तसाच चिखलाचा पट्टा होता.

"कस्तुरी, माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. एक शब्दही चुकला नाही. मग घाईघाईने म्हणाला, "आजोबांनी वीस वेळा प्रॅक्टिस घेतली. पण खरं आहे. गेल्या एप्रिलपासून."

"माझंही आहे," मी म्हणाले. "गेल्या एप्रिलपासूनच. तू माझ्यासाठी खोटं बोलायला निघालास ना, तेव्हापासून."

मी टाचा उंच केल्या आणि त्याच्या चिखलाच्या पट्ट्यावरच ओठ टेकवले. मेंढीचा वास येत होता. आता तो मला फार आवडायला लागला होता.

"बारा नंबर झाला का?" शेडच्या दुसऱ्या टोकाकडून हे सगळं पाहत असलेली हेदर ओरडली. "का नुसतीच खूण केलीत?"

"झाला!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मग मी खडू घेतला आणि पाटीवर खूण केली.